पोरांना तारीख देऊ नका

मागच्या अंकात मी निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या १८ च्या आतल्या पोरांना ठेवतात त्या रिमांड होममधल्या, माझ्या नोकरीबद्दल दोन पानं लिहिली आणि त्यावर इतकी पत्रं, इतके मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. म्हणून पाच जणांचे प्रश्न घेतलेत, बाकीच्यांना यातच उत्तर सापडेल असं वाटतं. लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, आणि ज्या पोरांच्या गोष्टी सांगते त्यांचं नाव, वस्ती, शाळा काहीच देणार नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तसं सांगतंच, अशा मुलाची ओळख छापणं गुन्हा आहे, पण कलम नसतं तरी मी दिलं नसतं.

ताई, मी नागपुरातच एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) व्हायचंय पण घरचे म्हणतात रिमांड होममध्ये मुलीच्या जातीचं काय काम. तिथं दिवसभर नेमकं काय करावं लागतं? नुसतं समुपदेशन असतं का?
– एक विद्यार्थिनी, त्रिमूर्तीनगर

घरच्यांना आधी एक सांग, बाल न्याय मंडळात, ज्याला आपण सगळे बोर्ड म्हणतो, एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत किमान एक बाई पाहिजेच असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे बाईचं काम काय हा प्रश्न कायद्याने कधीच निकालात काढलाय. मी २२ वर्षं मुलांच्याच संस्थांमध्ये काम केलं, त्यातली बरीच वर्षं १६-१७ वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या पोट्ट्यांसोबत, आणि मला बाई म्हणून त्रास झाला तो पोरांकडून जवळजवळ नाहीच.

आता काम. सकाळी गेलं की पहिले रात्रीचं रजिस्टर बघायचं, कोण नवीन आला, कोणाला ताप होता, कोण झोपला नाही, कोणाची कोणाशी झटापट झाली. मग हजेरी. मग नवीन आलेल्याला भेटायचं. बोर्डाचा दिवस असेल तर फाईली लावायच्या, कोणाची पेशी आहे, कोणाचे आईबाप आले, कोणाचे नाही आले. दुपारी गृहभेटी. संध्याकाळी परत येऊन लिहायचं, आणि हे लिहिणं फार असतं, कोणी सांगत नाही आधी. मूल पहिल्यांदा बोर्डापुढे आलं की १५ दिवसांच्या आत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, त्याशिवाय प्रत्येकाची वैयक्तिक काळजी योजना, शाळेशी पत्रव्यवहार, सुटलेल्या मुलांच्या देखरेखीचे कागद. कागदावर अधीक्षक वेगळा, परिविक्षा अधिकारी वेगळा, समुपदेशक वेगळा, काळजीवाहक वेगळा, पण जागा रिकामी असली की जो हजर असेल त्याने सगळं करायचं असतं.

आणि यातच खरी अडचण आहे. सकाळी तूच त्याच्या सामानाची झडती घ्यायला लावणार आणि दुपारी तूच त्याला म्हणणार बेटा मनातलं बोल. तो काऊन बोलेल तुझ्याशी? मला यावर एकच उपाय सापडला, पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून टाकायचं. मी म्हणायची, हे बघ, तू जे सांगशील ते मी इथल्या पोरांना सांगणार नाही, तुझ्या घरी पण विचारल्याशिवाय सांगणार नाही, पण तू स्वतःला काही करणार असशील, दुसऱ्याला मारणार असशील किंवा पळायचं ठरवत असशील तर मला ते सांगावंच लागेल, आणि बोर्डासाठी मी एक अहवाल लिहिणार आहे, त्यात तुझ्याबद्दल काय लिहिलं ते तुला वाचून दाखवीन. एवढं ऐकल्यावर काही पोरं गप्प बसतात, बसू दे. दोन दिवसांनी स्वतः येतात.

पहिल्या भेटीत केसबद्दल विचारूच नको. पोलिसांनी विचारलेलं असतं, वकील विचारणार असतो, आतली पोरं तर पहिल्या रात्रीच विचारतात. तू विचार जेवला का, अंगावर कुठे लागलंय का, घरी कोणाला कळवायचं. मी हे तीन प्रश्न विचारायची. त्यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पोरगा ज्याचं नाव घेतो त्या माणसाच्या जोरावर पुढचं सगळं काम होतं. कधी आई असते, पुष्कळदा आजी, एकदा एकाने पानठेल्यावाल्याचं नाव सांगितलं होतं आणि तो पानठेलेवाला खरंच सहा महिने नेमाने भेटीला आला.

आता अहवाल. ऑफिसात बसून पोराला विचारून फॉर्म भरता येतो, काही जण भरतात. तू तसं करू नको, घरी जा. एक सांगते. गाड्या चोरायच्या केसमध्ये आलेला एक पोरगा, सोळाचा. पोलिसांच्या कागदात शाळा सोडली, व्यसन, वाईट संगत, नेहमीचंच. मी घरी गेले, रेल्वे लाईनच्या मागची वस्ती, टिनाची खोली, मे महिना, आत उभं राहवत नव्हतं. आई चार घरची धुणीभांडी करून आलेली, तिनं मला बसायला पाट दिला आणि स्वतः दारात उकिडवी बसली. तिच्या मागे खुंटीला दप्तर टांगलेलं होतं. शाळा सोडून दीड वर्ष झालेल्या पोराचं दप्तर. मी म्हटलं बघू का, तर ती म्हणाली बघा ना बाई, त्यानंच ठेवलंय, कोणाले हात लावू देत नाही. वह्यांना कव्हर घातलेले होते. गणिताच्या वहीत शेवटची तारीख नोव्हेंबरची. नोव्हेंबरात बापाचा पाय साईटवर मोडला, तेव्हापासून पोरगा एका गॅरेजवर गाड्या धुवायला लागला आणि तिथेच एकानं त्याला सांगितलं की ही गाडी तिकडे नेऊन ठेव, पाचशे देतो. मी त्या दप्तराबद्दल अहवालात लिहिलं, कव्हर घातलेल्या वह्या, शेवटची तारीख, सगळं. बोर्डानं त्याला परिविक्षेवर सोडलं, माझ्या देखरेखीखाली, आणि आम्ही १७ नंबरचा फॉर्म भरून त्याला दहावीला बाहेरून बसवलं. पहिल्या वेळी गणितातच गेला. दुसऱ्या वेळी निघाला.

आणि आता ते, जे कॉलेजात शिकवत नाहीत. पोराला कधीही तारीख देऊ नको. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी ही चूक केली. एक चौदा वर्षांचा पोरगा रोज विचारायचा, मॅडम मले घरी कवा जाता येईन. रोज. गुरुवारी माझी फाईल तयार झाली, केस साधी होती, मला खात्रीच होती, मी म्हणून गेले, सोमवारी जाशील बेटा. सोमवारी बाप आलाच नाही. तो कुठे होता, का आला नाही ते नंतर कळलं, पण त्या दिवशी ताबा घ्यायला कोणीच नाही म्हणून पुढची तारीख पडली. त्या पोरानं रविवारी रात्रीच आपले दोन कपडे घडी करून एका पन्नीत भरून ठेवले होते. सकाळी आंघोळ करून, केसांना पाणी लावून, ती पन्नी मांडीवर घेऊन तो गेटजवळच्या कट्ट्यावर बसला. मी बोर्डातून परत आले तेव्हा साडेचार वाजले होते आणि तो तिथंच होता. मी काही बोलायच्या आधीच त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, उठला, आत गेला. तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही, जेवला पण नाही धड. चौथ्या दिवशी बोलला तेव्हा एवढंच बोलला, तुम्ही पन तशाच.

ह्या पोरांना आयुष्यात जेवढी मोठी माणसं भेटली त्यातल्या बहुतेकांनी शब्द देऊन मोडलेला असतो. बाप उद्या येतो म्हणून गेला तो आलाच नाही, सर म्हणाले फी नंतर बघू आणि परीक्षेला बसूच दिलं नाही, दादा म्हणाला मी सोडवतो. त्या रांगेत आपण जाऊन उभं राहायचं नाही. मग सांगायचं काय? जे आपल्या हातात आहे तेवढंच. मी उद्या अकरा वाजता तुझ्या आईला फोन लावीन. मी बुधवारी तुला परत भेटीन. आणि मग बुधवारी काहीही झालं, आभाळ कोसळलं तरी, भेटायचंच, दोन मिनिटं का होईना.

नोकरीच्या जाहिराती महिला व बाल विकास विभागाकडून निघतात, शिवाय जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी जागा असतात, दोन्हीकडे लक्ष ठेव. कंत्राटाला घरचे नाक मुरडतील, पण शिकायला तीच जागा चांगली, कारण तिथं गृहभेटी जास्त पडतात.

मॅडम, माझ्या मुलाला काल रात्री पोलिसांनी नेलं. तो १६ वर्षांचा आहे. मोबाईल हिसकल्याचं म्हणतात. मी बर्डीवर एका दुकानात काम करते, नवरा नाही. आता काय होईल, त्याला जेलमध्ये टाकतील का? वकिलाचे पैसे कुठून आणू?
– एक आई

ताई, तुमचा मेसेज आला त्याच दिवशी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, पण तुमच्यासारख्या अजून कितीतरी आयांसाठी इथं परत लिहिते.

जेलमध्ये टाकता येत नाही. १८ वर्षांच्या आतल्या मुलाला पोलिसांच्या लॉकअपमध्ये पण ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बोर्डापुढे न्यावंच लागतं, त्या दिवशी बोर्ड बसत नसेल तर बोर्डाच्या एका सदस्यापुढे. तुम्हाला कळवणं हे पोलिसांचं काम आहे, तुम्ही ठाण्यात जाऊन बसू शकता, कोणी हाकललं तरी हलू नका आणि भांडू पण नका. बोर्ड म्हणजे कोर्टासारखं उंच टेबल, पिंजरा असं काही नसतं, मुलाच्या बरोबरीनं, एकाच पातळीवर बसायचं असा नियमच आहे. घाबरून जाऊ नका.

वयाचा पुरावा लगेच शोधा. शाळेचा दाखला, टीसी, नाहीतर महानगरपालिकेचा जन्म दाखला. नुसत्या आधार कार्डावर अवलंबून राहू नका. शाळेचा किंवा मनपाचा कागद नसेल तरच हाडाची तपासणी करतात. मी पाहिलंय, कागद वेळेवर न मिळाल्यामुळे पोरांचे दिवसच्या दिवस वाया जातात.

वकील फुकट मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील देणं ही बोर्डाचीच जबाबदारी आहे, फक्त बोर्डाला सांगा की आमच्याकडे वकील नाही. कोणी बाहेर दहा-वीस हजार मागून आजच सोडवतो म्हणत असेल तर देऊ नका.

जामीन या कायद्यात हक्कासारखाच आहे, गुन्हा कोणता का असेना. फक्त तीन कारणांनी नाकारता येतो, सोडल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाच्या कामात अडथळा येईल. म्हणून बोर्डापुढे रडण्यापेक्षा हे सांगा की तो घरी आल्यावर कुठे राहील, दिवसभर त्याच्याजवळ कोण असेल, तुमचा भाऊ असेल, मामाकडे काटोलला पाठवणार असाल, शाळेत परत घालणार असाल, जे खरं असेल ते. आणि जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही, जामीनदार मिळाला नाही, तर बोर्डापुढे परत नेऊन ती अट बदलून घेता येते. हे पुष्कळ आयांना माहीतच नसतं आणि पोरगा आत बसून राहतो.

त्याला मारलं असेल तर बोर्डापुढेच सांगा, डॉक्टरकडे तपासणी मागा.

आणि भेटायला गेलात की पहिलं वाक्य तुझ्यामुळे नाक कापलं हे नको. माझ्या समोर कितीतरी आयांनी हे म्हटलंय, त्यांचं दुःख मला कळतं, पण तो पोरगा त्याच्यानंतर तोंड उघडत नाही, ना तुमच्याजवळ, ना आमच्याजवळ. काहीतरी खायला न्या, आत द्यायची परवानगी आहे का ते विचारून. पुढच्या भेटीचा वार नक्की होईपर्यंत त्याला वार सांगू नका.

सतरा वर्षं अकरा महिन्यांचा पोरगा खून करतो आणि त्याला लेकरू म्हणायचं? पुण्यात दोन माणसं गाडीखाली मारली आणि निबंध लिहायला लावला. तुमच्यासारख्या लोकांमुळेच ही पोरं माजली आहेत. ज्याचं माणूस गेलं त्याचं कोण बघणार?
– एक वाचक, मानकापूर

दादा, शेवटचं वाक्य आधी घेते कारण ते बरोबर आहे. ज्याचं माणूस गेलं त्याच्याकडे आपली व्यवस्था फार कमी बघते. मी माझ्या नोकरीत दोन वेळा मेलेल्या माणसाच्या घरी गेलेली आहे, माझं काम नव्हतं ते, पण गेले. एका घरी मला आत घेतलं नाही. बरोबर केलं त्यांनी. तुमचा राग मी चुकीचा म्हणणार नाही.

पुण्याच्या मे २०२४ च्या पोर्शे प्रकरणात ३०० शब्दांचा निबंध ही जामिनाची अट होती, निकाल नव्हता, पण ती अट वाचून मला पण वाईट वाटलं, कारण अशा अटीमुळे लोकांना वाटायला लागलं की आतलं सगळं काम असंच पोरखेळ आहे. तसं नाहीये. २०१५ चा कायदा दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतरच्या रागातूनच आला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यात १६ ते १८ वयाच्या मुलानं घोर गुन्हा केला, म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा, तर बोर्ड त्याची प्राथमिक चौकशी करतं, त्याला आपण काय करतोय ते समजत होतं का, तेवढी त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, कोणत्या परिस्थितीत केलं, आणि मग त्याला प्रौढासारखं खटल्यासाठी बाल न्यायालयात, म्हणजे बोर्डाहून वेगळ्या, वरच्या कोर्टात पाठवू शकतं. म्हणजे १८ च्या आत काहीच होत नाही हे खरं नाही. फाशी मात्र देता येत नाही आणि सुटायची शक्यताच नाही अशी जन्मठेप पण देता येत नाही.

पण हे "तुला काही होत नाही" वाक्य कोण पसरवतं माहीत आहे का? पोरं मला सांगायची. भाऊ म्हणाला तू कर, तू लहान आहे, तुले काही होत नाही. हा भाऊ पंचवीस-तीसचा असतो, त्याच्यावर आधीच केसेस असतात, आणि तो पोराच्या हातात चाकू देतो, गाडी देतो, मालाची पुडी देतो. अशा माणसासाठी कायद्यात कलम ८३ आहे, मुलाला बेकायदेशीर कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. माझ्या पाहण्यात हे कलम लागलेल्या केसेस फार थोड्या आल्या. तुम्ही वस्तीत वजन असलेले माणूस दिसता, तर माझी विनंती आहे की राग त्या भाऊवर पण काढा, त्याचं नाव ठाण्यात सांगा, कारण हा पोरगा आत गेला की तो दुसरा शोधतो, आणि तो दुसरा तुमच्याच गल्लीतला असतो.

आणि हा पोरगा बाहेर येणारच आहे दादा. बोर्डानंच निकाल दिला तर विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात, जास्तीत जास्त तीन वर्षं. विशीत तो तुमच्या-आमच्या मधेच राहणार आहे. त्या तीन वर्षांत त्याच्याशी कोणी नीट बोललं की नाही याचा फरक आपल्यालाच पडतो. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांच्या हाती फुटबॉल दिला तो काही कायदा म्हणून दिला नव्हता. एक मैदान आणि रोज ठरलेल्या वेळी येणारा एक माणूस, एवढं जरी मिळालं तरी काय होतं ते या शहरानं पाहिलंय.

मी एका मुलांच्या संस्थेत काळजीवाहक आहे, रात्रपाळी करतो. पोरं शिव्या देतात, हातावर ब्लेड मारून घेतात, एकमेकांना तुडवतात. मागच्या आठवड्यात माझा हात उठला. वाईट वाटतंय पण करू काय, मी एकटा आणि ते बत्तीस.
– एक काळजीवाहक

भाऊ, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मला तुमच्याबद्दल आदर वाटतो, बाकी लोक लपवतात. पण आधी कडक बोलते. हात उठवू नका. संस्थेत मुलाला शिस्तीसाठी मारणं हा कलम ८२ प्रमाणे गुन्हा आहे, पहिल्यांदा १०,००० दंड, परत केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि नोकरी जाते. क्रूरतेचं कलम ७५ तर त्याहून मोठं, संस्थेच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कायदा सोडा, ज्या पोराला तुम्ही मारलं त्याला मार नवीन नाही, तो घरी खाऊन आलेला आहे, त्याला कळलं की हा पण तसाच. उद्या त्याच्याजवळ जा, बाकीच्यांसमोर नाही, बाजूला, आणि सांगा की माझं चुकलं. एवढंच. अधीक्षकांना पण स्वतःहून सांगा आणि रजिस्टरला लिहा.

एकटा आणि बत्तीस हे चूकच आहे, आणि ते तुमचं चुकलेलं नाही. लेखी मागणी द्या, दर महिन्याला द्या, पोच घेऊन ठेवा.

रात्रीचं सांगते. नऊ ते अकरा सगळ्यात वाईट वेळ. दिवसा शाळा असते, कॅरम असतो, टीव्ही असतो, रात्री दिवा मालवला की घर आठवतं, आणि घर आठवलं की १५ वर्षांचा पोरगा रडत नाही, शेजारच्याला लाथ मारतो. त्या वेळात ऑफिसात बसू नका, पलंगांच्या मधून हळूहळू फिरत रहा, नाव घेऊन बोला, काय रे झोप नाही का, पाणी पिऊन ये. भांडण लागलं की ओरडू नका, आवाज खाली आणा, आणि जो मारतोय त्याला पकडण्यापेक्षा बघे आहेत त्यांना आधी हटवा, बघे गेले की निम्मं भांडण तिथंच संपतं. मग दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी बसवा आणि लगेच न्यायनिवाडा करू नका, सकाळी करू म्हणा, आणि सकाळी करा.

ब्लेडच्या खुणांना नाटक म्हणू नका. कधीच नाही. जखम धुवा, पट्टी करा, लिहा, आणि त्याच रात्री वर कळवा. आणि नवीन आलेला पोरगा पहिले तीन-चार दिवस झोपत नसेल, चिडत असेल, घाम येत असेल तर विचारा व्हाइटनर घेत होता का, सोल्युशन ओढत होता का. पुष्कळ पोरं ओढतात, रुमालात घेऊन. ते सुटताना शरीर असंच वागतं, त्याला शिस्त नको, डॉक्टर पाहिजे. उन्हाळ्यात कूलर बंद पडला तर तो आधी दुरुस्त करून घ्या, मे महिन्यात आमच्याकडे झालेली अर्धी भांडणं कूलरच्या समोरच्या जागेवरून झालेली आहेत.

आणि एक चांगली गोष्ट पण लिहिते कारण तुम्हाला सध्या सगळं काळंच दिसत असेल. एका वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, आमच्या सुतारकामाच्या सरांनी पोरांना फळ्यांचे तुकडे दिले आणि म्हणाले बैल करा. मला वाटलं मोठी पोरं हसतील, तान्हा पोळा तर लहान लेकरांचा. त्यातला एक साडेसतराचा, खुनाच्या केसमध्ये आलेला, कोणाशी बोलत नव्हता, त्यानं चार दिवस एकच बैल घासला. सँडपेपरनं इतका घासला की हात फिरवला तर लाकूड वाटायचं नाही. शिंगं एका बाजूला जरा वाकडी झाली तर परत केली. मग माझ्याकडे आला आणि विचारलं, मॅडम, डोळे काढू का रंगानं, का तसाच ठेवू? एवढं मोठं वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. त्या दिवशी संध्याकाळी बावीस पोरं आपापल्या बैलाला दोरी बांधून व्हरांड्यातून ओढत आमच्या ऑफिसच्या दारात आली, बोजारा द्या म्हणून, म्हणजे बैल घेऊन दारी आलेल्या लेकरांना देतात ते पैसे. आतमध्ये पैसे चालत नाहीत म्हणून आम्ही चिक्की वाटली. तो पोरगा शेवटी उभा होता, दोरी बोटाला गुंडाळून. त्याच्यानंतर समुपदेशनाला तो स्वतः यायला लागला, येताना बैल घेऊन यायचा आणि टेबलावर ठेवायचा, मग बोलायचा.

माझं हिंगण्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ओळखीतल्या एका बाईचा मुलगा तिथून सुटून आलाय, कामावर घ्या म्हणते. पोलीस रेकॉर्ड आड येईल का? बाकी कामगारांना सांगू का?
– एक कारखानदार

घ्या. कलम २४ प्रमाणे अशा निकालामुळे मुलाला कोणतीही अपात्रता लागत नाही, नोकरीला पण नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याचे कागद नष्ट करायचे असतात. अपवाद फक्त १६ वर्षांवरच्या त्याच मुलांचा, ज्यांना बाल न्यायालयानं प्रौढ म्हणून दोषी धरलंय. वय बघून घ्या, १८ च्या आत असेल तर धोक्याच्या कामावर लावता येत नाही, वेल्डिंग, कटिंगला लावूच नका, त्याच्याऐवजी आयटीआयला घाला, आठवी-दहावीवर पण काही ट्रेड मिळतात, आणि १८ झाल्यावर या म्हणा.

बाकी कामगारांना सांगू नका. कोणालाच नाही, अगदी सुपरवायझरला पण नाही. पगार ज्या तारखेला म्हणाल त्या तारखेला द्या, त्याच्या बाबतीत एक दिवस पण इकडचा तिकडे नको. पहिल्या महिन्यात तो दोन-तीनदा दांडी मारेल, तेव्हा काढून टाकू नका, घरी माणूस पाठवा.

तुमच्या वर्कशॉपचा पत्ता तुम्ही पत्रात दिलाय. मी पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता येते, त्या मुलाला आणि त्याच्या आईला पण बोलावून ठेवा.